गोळी घेतल्यानंतरचे सहा तास

‘या गोळीने दुखणं थांबतं का?’ घरात हा प्रश्न एवढाच पुरतो. संशोधनात तो विचारला की त्याचे लगेच चार प्रश्न होतात. किती थांबतं? किती वेळात थांबायला लागतं? थांबलेलं किती वेळ टिकतं? आणि कोणाकोणाचं थांबतं? वेदनाशामकांवरच्या पेपरमध्ये शेवटी एखादाच आकडा ठळक दिलेला असतो आणि सिनॉप्सिस लिहिताना आपण तोच उचलतो. पण तो आकडा म्हणजे या चारही उत्तरांचं एकत्र दळलेलं पीठ असतं. त्यात कोणतं धान्य किती आहे हे बघायचं असेल तर गिरणी कशी चालते ते माहीत हवं. माझं पीएचडीचं काम फार्माकॉलॉजीतलं आहे, आणि नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा या गिरणीशी पहिल्याच वर्षी संबंध येतो, म्हणून आज हा विषय घेतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आज बोलतोय ते एकाच डोसबद्दल आणि तात्पुरत्या, तीव्र दुखण्याबद्दल. वर्षानुवर्षांच्या गुडघेदुखीचा हिशोब वेगळा असतो, त्यात आज शिरत नाही.

अक्कलदाढच का?

वेदनाशामकांचे पेपर वाचायला लागलात की सारखी अक्कलदाढ भेटते. नवीन औषध तपासायचं असेल तर अक्कलदाढ काढलेल्या लोकांवर चाचणी होते. यामागे अगदी व्यवहारी कारणं आहेत. ही शस्त्रक्रिया होणारे बहुतेक जण तरुण आणि एरवी धडधाकट असतात. जागा एकच, शस्त्रक्रिया साधारण सारखी. भूल उतरली की काही तासांत दुखणं वाढत जातं आणि बऱ्याच जणांमध्ये मध्यम किंवा तीव्र होतं. म्हणजे सुरुवातीची रेषा बऱ्यापैकी एका उंचीवर मिळते.

ती उंची महत्त्वाची. म्हणून शस्त्रक्रिया संपल्या संपल्या गोळी देत नाहीत. दुखणं किमान ‘मध्यम’ होईपर्यंत थांबतात आणि मग देतात. ज्याचं फारसं दुखतच नाही त्याला आराम तरी किती मिळणार? शंभर मिलिमीटरच्या रेषेवर तुमचं दुखणं दहावर असेल, तर जगातलं सर्वोत्तम औषधसुद्धा दहाच मिलिमीटर खाली आणू शकतं. अशी सौम्य दुखण्याची माणसं चाचणीत भरली, तर चांगलं औषध आणि खडूची गोळी यांत फरक दिसणार नाही, आणि तुम्ही लिहून टाकाल की औषध निरुपयोगी आहे. हे टाळण्यासाठी चांगल्या चाचणीत तीन गट असतात: नवीन औषध, प्लासिबो, आणि आयबुप्रोफेनसारखं आधीच सिद्ध झालेलं एखादं औषध. आयबुप्रोफेनसुद्धा प्लासिबोपेक्षा सरस दिसलं नाही तर दोष नव्या औषधाचा नाही, तुमची मोजपट्टीच काम करत नाहीये. हा तिसरा गट खर्चिक वाटतो म्हणून गाळायचा मोह होतो. माझ्या मते गाळायचाच असेल तर दुसरं काहीतरी गाळा.

मोजायचं म्हणजे विचारायचं

ताप मोजायला थर्मामीटर आहे. दुखणं मोजायला माणसाला विचारण्याशिवाय इलाज नाही. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग इथे रेमंड हूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या रुग्णांमध्ये वेदनाशामकांची तुलना करायची पद्धत बसवली. त्यात एडा रॉजर्स या परिचारिकेचं काम मध्यवर्ती होतं: औषध दिल्यावर ठरलेल्या वेळी रुग्णाकडे जायचं, तोच प्रश्न तसाच विचारायचा, उत्तर लिहायचं. आजच्या चाचण्यांमध्ये टॅब्लेटवर बटणं दाबतात, पण गाभा तोच आहे. साधारणपणे १५, ३०, ४५, ६० मिनिटं, मग दीड तास, दोन तास, आणि पुढे दर तासाला सहा, आठ किंवा बारा तासांपर्यंत.

प्रश्न दोन असतात. पहिला, आत्ता किती दुखतंय? याची सोपी पट्टी ० ते ३ ची: नाही, थोडं, मध्यम, तीव्र. किंवा ० ते १० आकड्यांची, किंवा १०० मिलिमीटरच्या रेषेवर खूण करायची. दुसरा प्रश्न, गोळी घेतल्यापासून आराम किती पडला? ही पट्टी ० ते ४ ची: काहीच नाही, थोडा, बऱ्यापैकी, बराच, पूर्ण. दोन्ही एकच वाटतात, पण नाहीत. ‘आत्ता किती’ला फक्त वर्तमानकाळ लागतो. ‘आराम किती’ला सुरुवातीला किती दुखत होतं ते आठवावं लागतं. पण आरामाच्या पट्टीचा एक फायदा आहे. तिथे सगळ्यांची सुरुवात शून्यावर होते, मग मुळात दुखणं मध्यम असो की तीव्र.

आता हे मराठीत विचारून बघा. ‘बरं वाटतंय का?’ असं विचारलंत की निम्मे लोक ‘हो, बरं आहे’ म्हणतील, कारण ते डॉक्टरांना द्यायचं सभ्य उत्तर आहे. म्हणून ‘बरं’ हा शब्द पट्टीत चालत नाही. ‘बऱ्यापैकी’ आणि ‘बराच’ यांतला फरक कागदावर दिसतो, पण ऐकताना प्रत्येकाला जाणवेलच असं नाही. शिवाय आपल्याकडे ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, ठसठस वेगळी. ‘वेदना आहे का?’ याला ‘वेदना नाही हो, नुसतं ठसठसतंय’ असं उत्तर आलं तर शून्य लिहायचं का? आणि ‘दहापैकी किती?’ हे तर थेट शाळेतल्या मार्कांसारखं ऐकू येतं. दहापैकी दहा म्हणजे आपल्याकडे उत्तम! इंग्रजी फॉर्मचं मराठी भाषांतर, त्याचं पुन्हा इंग्रजीत उलटं भाषांतर, आणि मग थोड्या रुग्णांसमोर बसून ‘तुम्हाला यातून काय कळलं?’ असं विचारणं, ही पायरी कंटाळवाणी आहे, पण पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं राहतं.

एकच बेरीज, दोन वेगळी औषधं

आता गणित. सगळे आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत, पेन घेऊन बसलात तर बरं.

समजा दोन रुग्ण आहेत, दोघांचंही सुरुवातीचं दुखणं १० पैकी ७. एकाला औषध अ, दुसऱ्याला औषध ब. नोंदी अर्ध्या तासाला, एका तासाला आणि मग दर तासाला, सहा तासांपर्यंत.

अ घेतलेल्याचं दुखणं: ३, २, ३, ५, ७, ७, ७.
ब घेतलेल्याचं दुखणं: ७, ६, ५, ५, ५, ५, ५.

प्रत्येक वेळी सुरुवातीच्या ७ मधून आत्ताचा आकडा वजा करायचा. हा त्या वेळचा फरक. अ साठी ४, ५, ४, २, ०, ०, ०. ब साठी ०, १, २, २, २, २, २. आता प्रत्येक फरकाला आधीच्या नोंदीपासून गेलेल्या वेळेने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. हिलाच एसपीआयडी म्हणतात. अ चं: ४ गुणिले अर्धा म्हणजे २, ५ गुणिले अर्धा म्हणजे २.५, मग ४ आणि २. एकूण १०.५. ब चं: ०, मग ०.५, मग पाच वेळा २. एकूण १०.५.

दोन्ही सारखे! जास्तीत जास्त शक्य बेरीज ७ गुणिले ६ म्हणजे ४२, आणि दोघांनीही तिचा बरोबर चौथा भाग मिळवला. पेपरमध्ये फक्त एसपीआयडी असेल तर ‘दोन्ही औषधं तुल्यबळ’ असं छापून येईल. प्रत्यक्षात अ वाल्याला अर्ध्या तासात मोठा आराम मिळाला आणि चौथ्या तासाला तो मूळ जागी परतला. ब वाल्याला सहा तास किंचित कमी दुखलं, पण ‘हां, आता सुटलो’ असं एकदाही वाटलं नाही. दाढ दुखत असताना तुम्ही कोणती गोळी मागाल? आणि रात्री अकराला घेऊन सकाळपर्यंत पुरायला हवी असेल तर? अ चा डोस ‘दर सहा तासांनी’ असा लिहिला तर प्रत्येक फेरीत दोन-तीन तास रुग्ण तसाच कण्हत राहणार.

म्हणून मी पेपर उघडला की आधी आलेख शोधतो, बेरीज नंतर. आलेख नसेल तर थोडा संशय घेतो.

जाता जाता: हेच आकडे ट्रॅपेझॉइड पद्धतीने, म्हणजे दोन नोंदींची सरासरी घेऊन मोजलेत, तर अ चे ११.७५ येतात आणि ब चे ९.७५. डेटा तोच. ‘वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं’ एवढं लिहून पुरत नाही ते यामुळे. कोणत्या नियमाने काढलं तेही लिहा.

रुग्णाने दुसरी गोळी मागितली, आता?

माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा निर्णय इथे आहे, आणि पेपरमध्ये तो बहुतेक वेळा पद्धती विभागातल्या एका ओळीत उरकलेला असतो.

दुखणाऱ्या माणसाला सहा तास तसंच बसवून ठेवता येत नाही. औषधाला काम करायला वेळ मिळावा म्हणून शक्य असेल तर साधारण तासभर थांबायची विनंती करतात, पण त्यानंतर मागितलं की दुसरं, रेस्क्यू औषध द्यायचंच. प्लासिबो गट ठेवायला एथिक्स कमिटी परवानगी देते त्यामागे ही सोयही असते. पण रेस्क्यू दिल्यानंतरचे आकडे कोणाच्या खात्यात टाकायचे?

वरचा अ वाला रुग्ण घ्या. समजा तिसऱ्या तासाला दुखणं ५ सांगून त्याने लगेच रेस्क्यू मागितलं, आणि त्या दुसऱ्या औषधाने पुढचे तीन तास त्याचं दुखणं २ वर राहिलं.

जे दिसलं ते तसंच लिहिलंत तर पुढचे तीन फरक ५, ५, ५. एकूण २५.५. औषध अ दुसऱ्याच्या जोरावर हिरो झालं.

शेवटची नोंद पुढे ओढलीत, ज्याला एलओसीएफ म्हणतात, तर पुढचे फरक २, २, २. एकूण १६.५.

रेस्क्यू मागितलं म्हणजे औषधाचं काम संपलं असं धरून दुखणं सुरुवातीच्या ७ वर परत नेलंत, तर पुढचे फरक शून्य. एकूण १०.५.

एक माणूस, एक गोळी, तीन उत्तरं. सगळ्यात मोठं उत्तर सगळ्यात लहान उत्तराच्या दुपटीहून जास्त. आणि तिन्हींत बेरजेची चूक कुठेच नाही.

चौथा मार्ग याहून वाईट: रेस्क्यू घेतलेल्यांना त्यानंतरच्या सरासरीतून वगळायचं. समजा प्लासिबो गटात ५० जण आहेत आणि त्यातल्या ४० जणांनी तिसऱ्या तासापर्यंत रेस्क्यू घेतलं. सहाव्या तासाला उरले १०, ज्यांचं मुळात फारसं दुखत नव्हतं किंवा आपोआप उतरलं. त्यांची सरासरी २ आली की आलेखात प्लासिबोची रेषा झकास खाली येते. बघणाऱ्याला वाटेल खडूच्या गोळीनेही काम झालं. खरं तर ज्यांचं दुखत होतं ते सगळे खोलीतून निघून गेलेत.

एकाच डोसच्या चाचण्यांमध्ये रेस्क्यूनंतर दुखणं सुरुवातीच्या पातळीवर आणि आराम शून्यावर नेण्याचा प्रघात बराच रूढ आहे. एलओसीएफही पुष्कळ दिसतं. लांबच्या चाचण्यांत ते जास्त घातक ठरतं. कारण मळमळ किंवा बद्धकोष्ठ सहन न होऊन औषध सोडणाऱ्याचा शेवटचा आकडा अनेकदा चांगलाच असतो, आणि तो पुढे ओढला की ज्याने औषध टाकून दिलं तोच यशस्वी रुग्ण म्हणून मोजला जातो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१० मध्ये गहाळ डेटावरच्या अहवालात अशा सरसकट भरण्याविरुद्ध स्पष्ट लिहिलं. २०१९ च्या आयसीएच ई९ आर१ या मार्गदर्शिकेने तर प्रश्नच उलटा केला: आधी सांगा तुम्हाला नेमकं काय मोजायचंय, रेस्क्यूसकटचा परिणाम की रेस्क्यूशिवायचा, आणि मग पद्धत निवडा. सिनॉप्सिसमध्ये ‘एस्टिमांड’ हा शब्द टाकायचा असेल तर त्याचा अर्थ एवढाच आहे.

हे आधी ठरवायचं, कारण डेटा हातात आल्यावर तीन उत्तरं समोर असतात आणि त्यातलं कोणतं ‘बरोबर’ वाटेल ते तुम्हालाही माहीत आहे. आपल्याकडे माणसांवरच्या चाचण्यांसाठी सीटीआरआय नोंदणी २००९ पासून बंधनकारक आहे. ती नोंदणी सगळ्यांना बघता येते. एखाद्या पेपरमधला मुख्य निकष आणि त्याच चाचणीच्या नोंदणीतला निकष शेजारी ठेवून वाचा. कोर्सवर्कच्या अर्ध्या तासात जेवढं कळणार नाही तेवढं यातून कळतं.

सरासरी रुग्ण कुठे राहतो?

दुसरी अडचण सरासरीची. आरामाच्या पट्टीवर सहा तासांत जास्तीत जास्त ४ गुणिले ६ म्हणजे २४ गुण मिळतात. या बेरजेला टोटपार म्हणतात. समजा निम्म्या रुग्णांना २० मिळाले आणि निम्म्यांना २. सरासरी ११. पण ११ मिळालेला एकही माणूस वॉर्डात नाही. वेदनाशामकांच्या चाचण्यांत गुण खरोखरच असे टोकांना जमतात. काहींना खूप आराम, काहींना जवळजवळ नाही, मध्ये थोडेच. ऑक्सफर्डच्या हेन्री मॅक्वे आणि अँड्र्यू मूर यांनी हे लावून धरलं आणि हिशोबाची वेगळी रीत रूढ केली: शक्य असलेल्या आरामाच्या किमान निम्मा आराम किती जणांना मिळाला ते मोजा.

उदाहरण खरं घेऊ. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमचा एक डोस, यावरच्या २००९ च्या कॉक्रेन आढाव्यात चार ते सहा तासांत निम्मा आराम सुमारे ५४ टक्के लोकांना मिळाला. प्लासिबोवर तो सुमारे १४ टक्क्यांना मिळाला. फरक ४० टक्के, म्हणजे १ भागिले ०.४, उत्तर २.५. हा एनएनटी. प्लासिबोच्या तुलनेत एक जादा माणूस आराम पावण्यासाठी अडीच जणांना गोळी द्यावी लागते. आकडा लहान तितका चांगला. ६० मिलिग्रॅम कोडीन एकट्याने दिलं तर हाच आकडा बाराच्या आसपास येतो. ‘ओपिऑइड म्हणजे जोरदार’ हा आपला समज इथे उताणा पडतो.

५४ टक्क्यांची दुसरी बाजूही वाचा. ४६ टक्के लोकांना निम्मासुद्धा आराम मिळाला नाही, आणि हे एक अत्यंत चांगलं औषध समजलं जातं. रुग्ण म्हणतो ‘या गोळीने काही फरक पडला नाही’ तेव्हा तो अतिशयोक्ती करत असेलच असं नाही.

वेळेसाठी एक सुंदर साधी युक्ती आहे. गोळी घेताना दोन स्टॉपवॉच चालू करून रुग्णाजवळ ठेवायची. पहिल्यांदा जरा हलकं वाटलं की पहिलं थांबवायचं. खरोखर अर्थ वाटावा इतका आराम पडला की दुसरं. काहींचं दुसरं घड्याळ शेवटपर्यंत थांबतच नाही. त्यांना फेकून देऊन बाकीच्यांची सरासरी काढायची नाही. ‘सहा तासांपर्यंत घडलं नाही’ ही माहितीच आहे, आणि तिच्यासकट कॅप्लान-मायर वक्र काढून मध्यक द्यायचा. कोणी किती वेळाने रेस्क्यू मागितलं तेही याच रीतीने मोजतात. मला स्वतःला हा शेवटचा निकष सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्यात पट्टीवरचा शब्द निवडावा लागत नाही. माणूस गोळी मागतो किंवा मागत नाही.

उंदरांकडे हेच

तुमच्यापैकी एम.फार्म. किंवा एमएस्सीवाले रुग्णांपर्यंत पोचण्याआधी टेल-फ्लिक किंवा हॉट प्लेट करतील. प्राणी आकडा सांगत नाही. उष्णता लागल्यापासून शेपटी किंवा पाय हलवेपर्यंतचे सेकंद मोजायचे. इजा होऊ नये म्हणून एक कमाल वेळ ठरवून प्राण्याला तिथून काढतात. याशिवाय आयएईसीची मंजुरी मिळणार नाही, मिळूही नये.

मग टक्केवारी काढतात: औषधानंतरचे सेकंद वजा मूळ सेकंद, भागिले कमाल वेळ वजा मूळ सेकंद. मूळ ३, औषधानंतर ९, कमाल १५ असेल तर ६ भागिले १२, म्हणजे ५० टक्के. कमाल वेळ १० ठेवली असती तर ६ भागिले ७, जवळपास ८६ टक्के. तोच प्राणी, तेच नऊ सेकंद. दोन लॅबच्या टक्केवाऱ्या शेजारी ठेवण्याआधी कमाल वेळ बघा. आणि नोंदी ३०, ६०, १२० मिनिटांना घेतल्या असतील तर जे औषध १५ मिनिटांत शिखरावर जाऊन उतरतं ते तुमच्या आलेखात दुबळंच दिसेल.

आता एक हिशोब तुमच्यासाठी. तिसरा रुग्ण, सुरुवात ७. अर्ध्या तासाला ६, एका तासाला ४, दोन तासांना ३. अडीच तासांना त्याला उलटी झाली, आणि ‘मला आता काही विचारू नका’ म्हणून तो झोपला. रेस्क्यू मागितलं नाही. सहा तासांचा एसपीआयडी शेवटची नोंद पुढे ओढून काढा आणि सुरुवातीवर परत नेऊन काढा. पहिल्याने २२ यायला हवा, दुसऱ्याने ६. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तुम्ही कोणता लिहाल आणि का, ते कमेंटमध्ये सांगा. तो झोपला ते आराम पडला म्हणून की थकून, हे त्याला उठवून विचारायचं का, यावरही मत द्या.